एक नंबरची पाटी

नोकरीची सगळी वर्षं मी गोल काढले आणि त्या गोलांत अक्षरं भरली. हिंगणघाटच्या पुढे हायवेला लागून असलेल्या एका सरकीच्या तेलाच्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. ड्राफ्ट्समन म्हटलं की आमच्याकडे लोकांना वाटतं, घराचे नकाशे काढणारा. मला मुलगी दाखवायच्या दिवसांत एका सोयऱ्यांनी विचारलं होतं, "म्हंजे तुमी इंजिनेर का?" म्हटलं, नाही. "मंग ओव्हरशेर?" तेही नाही. "मंग करता काय?" म्हटलं, नळ्यांना नंबर देतो. त्यांनी पोहे संपवले आणि सोयरीक दुसरीकडे केली. त्यांचं काही चुकलं असं मला आता वाटत नाही.

तरी धंदा थोडा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेलाच्या कारखान्यात शिरलात तर तुम्हाला नुसत्या नळ्या दिसतील. सरकी दाबून तेल निघतं, पण मागे जी ढेप राहते तिच्यातही तेल उरलेलं असतं. ते हेक्झेन नावाच्या, पेट्रोलच्या जातीच्या द्रवाने धुऊन काढतात. मग वाफ देऊन ढेपेतलं हेक्झेन उडवतात आणि थंड करून पुन्हा पकडतात. म्हणजे एका नळीत तेल, दुसरीत हेक्झेन, तिसरीत वाफ, चौथीत पाणी, आणि बाहेरून सगळ्या सारख्याच. हे सगळं एका मोठ्या कागदावर उतरवतात. त्यात लांबी-रुंदी नसते. कुठून काय निघतं, कुठे जातं आणि वाटेत काय काय बसवलंय, एवढंच असतं. मोजमापाच्या प्रत्येक यंत्राला एक गोल. गोलात पहिलं अक्षर यंत्र काय मोजतं त्याचं: पी म्हणजे दाब, टी म्हणजे तापमान, एल म्हणजे पातळी. पुढची अक्षरं ते त्याचं काय करतं त्याची: आय नुसतं दाखवतं, सी ताब्यात ठेवतं, ए बोंब मारतं. खाली नंबर. गोलाच्या पोटातून आडवी रेघ गेली असेल तर यंत्र कंट्रोल रूममध्ये, नसेल तर बाहेर नळीवर. व्हॉल्व्हलाही असाच नंबर, आणि जो नंबर कागदावर तोच जागेवर पाटीवर. एवढाच माझा धंदा.

आमच्या कामगारांनी या अक्षरांची नावं आपापल्या परीनं लावून घेतली होती. दाब दाखवणाऱ्या पी.आय.ला ते पोलीस इन्स्पेक्टरच समजत. "भोयर बाबू, बॉयलरवरचा पी.आय. तापून राह्यला जी," असा निरोप आला की मी समजायचो. तापमान सांभाळणारा टी.सी. आला की, "याले तिकीट दाखवा बाप्पा." आणि एल, आय, सी अशी तीन अक्षरं एका गोलात आली की त्याचं नाव विमा. टाकीचा विमा बंद पडला, असं मी लॉगबुकातसुद्धा वाचलंय.

एकदा पुण्याहून आलेला एक तरुण इंजिनिअर हेक्झेनच्या टाकीवर दोन दिवस एक गेज शोधत होता. शिड्या चढला, उतरला, कामगारांवर ओरडला. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. मी मूळ नकाशा काढून दाखवला. गोलाच्या पोटातली आडवी रेघ झेरॉक्समध्ये उडाली होती. ते गेज त्याच्या खुर्चीसमोरच्या पॅनेलवर होतं. "एका रेघेनं एवढं?" असं तो म्हणाला. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "साहेब, सगळा धंदाच त्या एका रेघेचा आहे." हे वाक्य मी नंतर बऱ्याच नव्या लोकांना ऐकवलं. बोलायला काय लागतं!

माझी दुसरी शेखी म्हणजे नळीला हात लावल्याशिवाय मी नकाशावर सही करत नसे. बांधताना फिटर लोक आपल्या सोयीनं नळी इकडची तिकडे करतात आणि कागद तसाच राहतो. म्हणून काम झालं की कागद हातात घेऊन सगळं पायी फिरायचं आणि जे आहे तसं काढायचं. मी पँट खराब करून, तेलातून सरकत, प्रत्येक व्हॉल्व्हपर्यंत जायचो. माझा नकाशा चुकला असं कुणी कधी म्हटलं नाही. आजही कुणी म्हणत नाही. खरं दुखणं तेच आहे.

या फिरण्यात माझ्या सोबत असायचे तुळशीराम उमाटे. प्लँटवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर, वणा नदीकाठच्या एका गावातले. शिक्षण चौथी, पण नळीला हाताची पाठ टेकवून आत काय चाललंय ते सांगायचे. माझ्यापेक्षा तीनेक वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना तुळशीरामभाऊ म्हणायचो आणि ते मला बाबू. पॅनेलमागे त्यांनी एक पातेलं लपवून ठेवलं होतं. साहेब असो, ठेकेदार असो, झाडूवाला असो, त्यांच्या पाळीत प्लँटवर आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय परत गेला नाही. सेफ्टीच्या साहेबांनी एकदा ते पातेलं पकडलं. तर त्यांनाही भाऊंनी आधी चहा दिला आणि मग पातेलं दिलं.

एकदा मी कागद पसरून बसलो असताना ते शेजारी उकिडवे बसले. म्हणाले, "बाबू, एक सांगू का? हे तुमचे इंग्रजी गोल आमच्या काय कामाचे? पाळीत अर्धे लोकं अंगठ्याचे, अर्धे चौथी-सातवी. अंदाजानं नळ्यायचे कॉक फिरवतेत. एखाद्या दिवशी मरनार हाय कोणी."

"मग काय करायचं म्हणता?"

"मराठीत लिवून द्या ना पाट्या. वाफ हाय तं वाफ लिवा. नंबरबी आपला लिवा. आमच्या लेकरायच्या पाटीवर असते तसा."

मला हे पटलं. पटलं म्हणजे काय, अंगात शिरलं. मी साहेबांकडून मंजुरी काढली. हिंगणघाटच्या एका पेंटरकडून पत्र्याच्या पाट्या करून घेतल्या. पिवळा रंग, त्यावर काळा ठळक आकडा, खाली आत काय वाहतं त्याचं नाव: वाफ, गरम तेल, थंड पाणी. पेंटरचं अक्षर फार सुरेख होतं. मी आणि तुळशीरामभाऊंनी एकेक पाटी तारेनं बांधली. महिनाभरात कामगार नंबर घेऊन बोलायला लागले. बाहेरून पाहुणे आले की साहेब आधी पाट्या दाखवायचे. कामगार दिनाला मला शाल आणि नारळ मिळाला. शाल अजून घरात आहे. आयुष्यात आपण एक काम खरोखर चांगलं केलं असं मला वाटत होतं, ते हे.

पुढे काही वर्षांनी कारखाना वाढला. जुन्या शेडला लागून नवी शेड उभी राहिली. नव्या शेडच्या पाट्या बांधणाऱ्या कंपनीकडूनच तयार आल्या, स्टीलवर कोरलेल्या, इंग्रजीत. नंबर मात्र आमच्याच मालिकेतले पुढचे दिले होते. जुन्या शेडमध्ये वाफेचे व्हॉल्व्ह एक ते सात, नव्यात आठपासून पुढे. नेहमीप्रमाणे मी सगळं पायी फिरलो. नळीला हात लावला, नकाशा उतरवला, सही केली. तुळशीरामभाऊ सोबत होतेच. दोन शेडच्या मधल्या गल्लीत, जिथे एका हाताला आमची पिवळी पाटी आणि दुसऱ्या हाताला ती चकचकीत स्टीलची, तिथे ते थांबले आणि हसले. "बाबू, सासू मराठी आन् सून विंग्रजी. एका घरात कशा नांदतीन?" मीही हसलो. म्हटलं, नांदतील हळूहळू. जुन्या पाट्या बदलायच्या की नव्या, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला होता. आपल्या पाट्या काढायचं माझ्या जिवावर आलं आणि नव्या बदलायला साहेबांनी पैसे दिले नसते. नंतर बघू म्हटलं.

वाचकांनी कृपा करून एक करावं. एक कागद घ्या. त्यावर आपला मराठी एक लिहा, जसा पेंटर लिहितो तसा, डोकं गोल आणि शेपटी खाली ओढलेली. आता शेजारी इंग्रजी नऊ लिहा. आणि आपल्याला मराठी येत नाही असं समजून दोन्हींकडे बघा. तीस वर्षं आकड्यांत घालवलेल्या माणसाला हे कधी दिसलं नाही. दिसणार कसं? मला दोन्ही वाचता येत होते.

नऊ नंबरच्या पुढे नळीचा एक जोड गळत होता. त्याचं पॅकिंग बदलायला ठेकेदारानं राजन्ना नावाचा फिटर पाठवला. तेलंगणाकडचा, आदिलाबादच्या पलीकडचा. कामाला वाघ, बोलायला कमी. मोडकं हिंदी बोलायचा, इंग्रजी आकडे वाचायचा आणि आपली अक्षरं त्याला अजिबात येत नव्हती. दुपारची वेळ होती. तुळशीरामभाऊ पाळीत एकटे होते, जोडीदार रजेवर होता. त्यांनी नव्या शेडमध्ये जाऊन नऊ नंबर बंद केला, बंद असल्याची खूण म्हणून त्याला लाल कार्ड बांधलं, राजन्नाच्या परवान्यावर सही केली आणि त्याला सांगितलं, "नौ नंबर. नौ के आगे का जोड खोलना." खरं तर नियमाप्रमाणे त्यांनी राजन्नाला हाताला धरून व्हॉल्व्हपर्यंत न्यायला हवं होतं. ते निघालेही होते. तेवढ्यात पॅनेलवरचा भोंगा वाजला, बॉयलरचं पाणी कमी. ते धावले. दोन माणसांचं काम एकाला दिलं की असं होतं, पण हे कुठल्या अहवालात येत नाही.

राजन्ना मधल्या गल्लीत शिरला. पहिल्याच व्हॉल्व्हवर त्याला पिवळी पाटी दिसली. खालचं 'वाफ' त्याला वाचता येत नव्हतं. वरचा आकडा त्याला वाचता आला, असं त्याला वाटलं. लाल कार्ड नव्हतं, हे त्यानं पाहायला हवं होतं. नाही पाहिलं. त्यानं पुढच्या जोडाचे बोल्ट सैल केले. एक नंबर चालू होता.

मी ऑफिसात होतो. आवाज ऐकून धावत गेलो तेव्हा तुळशीरामभाऊंनी व्हॉल्व्ह बंद केला होता आणि राजन्नाला ओढून बाजूला घेतलं होतं. त्याचे दोन्ही हात, छाती आणि अर्धा चेहरा भाजला होता. भाऊ पाणी आणायला पळाले. मी त्याच्याजवळ बसलो. तो मला सांगत होता, "नाइन बोला. नाइन खोला, सार. नाइन." आणि भाजलेला हात वर करून पाटीकडे दाखवत होता. मी वर पाहिलं. आमची पिवळी पाटी. त्या क्षणी मी ती पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांनी वाचली.

गाडीत घालेपर्यंत त्याची शुद्ध हरपली होती, तसंच त्याला सावंगीच्या दवाखान्यात नेलं. तुळशीरामभाऊ त्याच्यासोबत गाडीत बसून गेले. गल्लीत मी एकटा राहिलो. मी खिशातून पक्कड काढली, पाटीची तार तोडली आणि पाटी नकाशाच्या भेंडोळीत गुंडाळून ऑफिसात नेली. हात आपोआप चालले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. हात आपोआप चालत नाहीत. ज्यानं आयुष्यभर हातानं रेघ ओढली त्याला हे माहीत असतं.

नोकरी जाईल याची भीती होती का? होती थोडी. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट दुसरी होती आणि ती सांगायला आज लाज वाटते. माझ्या पाट्यांनी एक माणूस भाजला, हे मला सहन होत नव्हतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे चारचौघांत म्हणवून घ्यायचं नव्हतं. ज्या एका कामाची शाल घरात होती, ते काम मला वाचवायचं होतं.

चौकशी दोन दिवस चालली. आमचे साहेब आणि बाहेरून बोलावलेले दोन साहेब. मला विचारलं, "नकाशा बरोबर आहे?" मी म्हटलं, हो. मग म्हणाले, "घटनास्थळी एक नंबरला पाटी नाही. लावली होती का?"

मी म्हटलं, "सगळ्यांना लावल्या होत्या. कधीतरी तुटून पडली असेल."

एवढंच वाक्य. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकं लहान आणि इतकं वाईट काम दुसरं केलं नाही.

त्यानंतर तुळशीरामभाऊंना बोलावलं. मी नकाशा दाखवायला तिथेच कोपऱ्यात उभा होतो. त्यांना विचारलं, पाटी नव्हती तर तुम्ही रिपोर्ट का केला नाही? पाळीत रोज पाट्या बघायचं काम ऑपरेटरचं असतं.

"पाटी होती साहेब."

"नाही तिथे."

"सकाळी होती. म्या सोताच्या डोयानं पाह्यली."

"मग गेली कुठे? उडाली?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पाट्या आम्ही दोघांनी बांधल्या होत्या, म्हणून पाहिलं असेल. मी नकाशाकडे बघत राहिलो. मग साहेबांनी विचारलं, फिटर एक नंबरवर कसा गेला? तुम्ही त्याला काय सांगितलं?

"नौ सांगतलं साहेब."

"नऊ सांगितलं असतं तर तो नवावर गेला असता. एकावर गेला म्हणजे तुम्ही एक सांगितलं. किंवा हात तिकडे केला."

"नाई जी. नौच सांगतलं."

पहिल्या दिवशी ते पाच वेळा नऊ म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन वेळा. दुपारी साहेबांनी समजुतीच्या आवाजात विचारलं, "भोंगा वाजत होता, तुम्ही घाईत होता. तोंडातून चुकून एक गेलं असेल. आठवा बरं." भाऊंनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "गेलंबी असन साहेब. पाटी दिसली वाटली ते नव्हती. मंग हेबी तसंच असन. आता मले काईच आठवून नाई राह्यलं."

ते कागदावर लिहून घेतलं आणि त्यांची सही घेतली. राजन्नाचा जबाब ठेकेदारानंच लिहून आणला. राजन्नाला अंगठाही लावता येत नव्हता, म्हणून खाली सही ठेकेदाराची. त्याला त्याच्या भाषेत कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो 'नाइन' एवढंच म्हणाला असता, आणि त्या शब्दाला भाषांतर लागलं नसतं. महिन्या-दीड महिन्यानं त्याचा भाऊ येऊन त्याला गावाकडे घेऊन गेला. त्याचे हात पुन्हा पान्हा धरण्यासारखे झाले नाहीत, एवढं ठेकेदाराकडून कळलं. पुढचं मी विचारलं नाही.

तुळशीरामभाऊंना कामावरून काढलं. अहवालात लिहिलं, ऑपरेटरने चुकीचा व्हॉल्व्ह सांगितला आणि पाटी हरवल्याचे कळवले नाही. अहवालाला माझा नकाशा जोडला होता, माझ्या सहीचा. शेवटच्या दिवशी ते मला भेटायला आले. मला वाटलं, विचारतील. ते म्हणाले, "बाबू, माह्याच्यानं एका लेकराच्या बापाचे हात गेले. तुमी इतक्या मेहनतीनं पाट्या केल्या आन् मले तोंडानं नंबर सांगता नाई आला." मी त्यांना धीर दिला. हो, मीच दिला.

त्यानंतर दोन महिन्यांत वरून हुकूम आला, सगळ्या प्लँटवर एकसारख्या इंग्रजी पाट्या लावा. ज्या पाट्यांसाठी मी हे केलं त्या एका सकाळी कापून भंगारात गेल्या. नव्या पाट्यांची यादी मीच केली. कामगार पुन्हा अंदाजानं कॉक फिरवायला लागले. एक पाटी तेवढी वाचली, माझ्या भेंडोळीतली.

मी निवृत्त झालो. सावंगी मेघेला नव्या लेआउटमध्ये आम्ही घर बांधलं. यंदा दिवाळीच्या झाडलोटीत बायकोनं माळ्यावरची नकाशांची नळी उलटी केली आणि पाटी खाली पडली. तिनं ती पदरानं पुसली. आमच्या प्लॉटचा नंबर एक आहे. ती म्हणाली, "अवो, किती सुंदर अक्षर हाय. खालचं वाफ खोडून टाका आन् लावून द्या ना फाटकाले."

मी उठायच्या आत तिनंच ती आपल्या हातानं फाटकाला लावून पाहिली. शेजारच्या मेडिकलच्या होस्टेलवर जेवणाचे डबे देणारा, दक्षिणेकडून नवाच आलेला एक माणूस स्कूटर थांबवून म्हणाला, "भैया, नाइन नंबर यही है क्या?" बायको हसली, म्हणाली, "एक हाय बाप्पा ते." अकरा वर्षांपूर्वी गल्लीत कुणी असं हसून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी पाटी काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं हिंगणघाटला निघालो. तिथून ऑटोनं तुळशीरामभाऊंच्या गावाला.

ते ओसरीत बाजेवर बसले होते. वाळले होते. मला ओळखलं आणि अर्धे उठले. "या बाबू, या! सुमन व, बाबू आले, चाय मांड. अद्रक टाकजो." सुमन म्हणजे त्यांची सून. तिनं पाणी आणून दिलं आणि आपणहून सांगायला लागली, "बाबाजीले सांगा ना जरा. गॅस बंद केला का म्हून चार-चारदा उठतेत. कोनाचा फोन नंबर सांगाचा असला तं सांगतच नाईत. म्हनतेत, माह्या तोंडातून चुकते." भाऊ हसले. "चुकतेच ना व. चुकलं नाई का?"

मी पिशवीतून पाटी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी आधी तारेच्या भोकात बोट घातलं. मग आकड्यावरून बोट फिरवलं. "आपली एक नंबरची," ते म्हणाले. मी त्यांना कागद-पेन्सिलीनं दाखवलं, आपला एक आणि इंग्रजी नऊ, जसं तुम्हाला मघाशी सांगितलं. राजन्ना पाटीकडे हात करून काय म्हणत होता तेही सांगितलं. ते कागदाकडे खूप वेळ बघत होते. त्यांनी तो दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"म्हंजे म्या नौच सांगतलं होतं," ते म्हणाले.

"हो भाऊ. तुम्ही नऊच सांगितलं."

"आन् पाटीबी होती."

"होती."

"मी घरी सांगतलं होतं, पाटी होती म्हून. बायको म्हने, साहेब लोकं का खोटं बोलतीन? ते गेली तं माह्यावर तोच इल्जाम ठेवून गेली. मंग मीच म्हनाले लागलो, नसन बा." त्यांनी कागदाची घडी केली आणि बनियनच्या आत ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मला बघवत नव्हतं. ते सुख होतं. आतून अद्रकाचा वास येत होता. मला वाटलं, आता सुटलो.

मग त्यांनी विचारलं, "बाबू, हे पाटी तुमाले सापडली कुठं?"

"मी काढली होती, भाऊ."

"कधी?"

"त्याच दिवशी. तुम्ही राजन्नाला घेऊन गेलात तेव्हा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चौकशीच्या खोलीत पाहिलं होतं तसंच. या वेळी माझ्या हातात बघायला नकाशा नव्हता. मग ते आतल्या दाराकडे वळले आणि साध्या आवाजात म्हणाले, "सुमन, चाय नोको देऊ व. बाबू चालले."

आत पातेलं खाली उतरवल्याचा आवाज आला. मी उठून चपला घातल्या. पाटी त्यांच्या मांडीवर होती, ती मी मागितली नाही.